रास्पबेरी पाय किंवा तसाच छोटा बोर्ड घेतलाय? सोबत आधी काय घ्यायचं, काय नाही, आणि शिकायचं कुठून

बोर्ड, म्हणजे तळहातावर मावणारा हा छोटा कॉम्प्युटर, हातात आला की पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, आता याच्यासोबत अजून काय काय घ्यायचं. सर्च केलं की समोर येतात ते भलेमोठे किट, ३७ सेन्सर, मोटर, रिमोट, इवलासा डिस्प्ले, रंगीत वायरींचा गुच्छ, बघूनच हात शिवशिवायला लागतात. माझं मत आधीच सांगून टाकतो, ते किट आत्ता घेऊ नका. नवीन माणूस कंटाळून बोर्ड ड्रॉवरमधे टाकून देतो ते सेन्सर कमी पडले म्हणून नाही. बहुतेक वेळा घोडं अडतं ते तीन ठिकाणी, पॉवर सप्लाय, मेमरी कार्ड आणि जुनं झालेलं ट्युटोरियल. आणि या तिन्हींचा खरा त्रास असा की गडबड त्यांची असते पण वाटत राहतं की आपल्यालाच जमत नाहीये, आपलं डोकंच यात चालत नाही. कितीतरी जण इथेच सोडून देतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय.

मी उदाहरणं रास्पबेरी पायचीच देणार कारण सगळ्यात जास्त माहिती त्याचीच मिळते. केंब्रिजच्या लोकांनी २९ फेब्रुवारी २०१२ ला पहिला पाय बाजारात आणला तो मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून, त्यामुळे नवशिक्यांना धरून लिहिलेलं साहित्य त्याच्याभोवती पहिल्यापासून जमत गेलं. दुसऱ्या कंपनीचा बोर्ड असेल तरी खालचं बरंचसं लागू पडतं, आणि कुठे पडत नाही ते शेवटाकडे सांगतो.

पॉवर सप्लाय, सगळ्यात आधी हाच

घरात चार मोबाइल चार्जर पडलेत, त्यातला एक लावू, हे सगळेच करतात, मी पण केलं. बोर्ड चालू झाला, डेस्कटॉप दिसला, सगळं छान. मग यूएसबीला पेनड्राइव्ह लावला की बोर्ड आपोआप रिस्टार्ट. कधी वायफाय तुटायचं, कधी कीबोर्ड मधेच बंद पडायचा, आणि मी आठवडाभर माझ्या पायथॉन कोडमधे चूक शोधत बसलो होतो. कोड बरोबर होता. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटं विजेचं चिन्ह मधूनमधून लुकलुकत होतं आणि त्याचा अर्थच मला माहीत नव्हता.

ते चिन्ह दिसलं म्हणजे बोर्डला पोचणारा व्होल्टेज साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेला. आता चार्जर ५ व्होल्टचा असताना खाली का जातो? बऱ्याचदा केबलमुळे. समजा केबल बारीक आहे आणि जाणाऱ्या-येणाऱ्या तारांचा मिळून रेझिस्टन्स ०.२ ओहम आहे, आणि बोर्ड २.५ अँपिअर ओढतोय. गुणाकार करा, ०.५ व्होल्ट केबलमधेच गेला, बोर्डपर्यंत पोचले ४.५. चार्जर कितीही भारी असू दे, उपयोग नाही. म्हणून अधिकृत सप्लाय ५ ऐवजी ५.१ व्होल्टचे असतात आणि बहुतेकांची केबल जोडलेलीच असते, जाड आणि आखूड. तो सप्लाय घेणं हा माझ्या मते पहिला खर्च, केस आणि पंखा नंतर.

कुठल्या बोर्डला किती लागतं ते असं, पाय ३ बी प्लसला मायक्रो यूएसबीतून २.५ अँपिअर, पाय ४ ला यूएसबी-सीमधून ३ अँपिअर, आणि पाय ५ ला यूएसबी-सीमधूनच ५ व्होल्टवर ५ अँपिअर. हा शेवटचा आकडा नीट वाचा कारण इथे भले भले फसतात. लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जर आहे, मग २५ वॅटचा बोर्ड आरामात चालेल असं वाटतं, पण मोठे यूएसबी-सी चार्जर वॅट वाढवतात ते व्होल्टेज वाढवून, ९, १५, २० व्होल्ट असं करत, आणि ५ व्होल्टवर मात्र जवळपास सगळेच ३ अँपिअरला थांबतात. पाय ५ तेवढ्यावर चालू होतो, पण मग तो यूएसबी पोर्ट्सना सगळे मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो, ५ अँपिअरचा सप्लाय असेल तर १.६ अँपिअर देतो. माउस-कीबोर्डला काही फरक पडत नाही, पण यूएसबीवर एसएसडी लावली की लगेच कळतं.

पाय ४ च्या सुरुवातीच्या, म्हणजे २०१९ च्या बोर्डांची एक वेगळी भानगड होती, यूएसबी-सीच्या सर्किटमधे चूक राहिली होती त्यामुळे चिप असलेल्या महागड्या केबलने ते चालूच व्हायचे नाहीत आणि साध्या केबलने व्हायचे. नंतरच्या बोर्डांत ते सुधारलं. जुना सेकंडहँड बोर्ड घेतला असेल आणि तो मेलाय असं वाटत असेल तर टाकून द्यायच्या आधी साधी केबल लावून बघा.

मेमरी कार्ड

३२ जीबी पुरतं. साइजपेक्षा महत्त्वाचं काय तर कार्डवर ए१ असं छापलेलं असावं. क्लास १० वगैरे आकडे कॅमेऱ्यासाठी, म्हणजे एक मोठी फाइल सरळ लिहीत जायची त्यासाठी असतात. ऑपरेटिंग सिस्टिमचं काम उलटं, हजारो बारक्या फाइली इथून तिथून वाचायच्या, लिहायच्या. ए१ चा अर्थ सेकंदाला किमान १५०० असे बारके रीड आणि ५०० राइट. ए२ त्याहून वरचं, पण त्याचा पूर्ण फायदा मिळायला वाचणाऱ्या बाजूचाही सपोर्ट लागतो, म्हणून मी तरी चांगलं ए१ मिळालं की पुढे बघत नाही.

नकली कार्डांचा सुळसुळाट आहे हे खरं आहे. वर १२८ लिहिलेलं असतं, कॉम्प्युटरलाही तेवढंच दिसतं आणि आत असतात ८. सुरुवातीचे काही दिवस सगळं नीट चालतं आणि मग जागा संपली की फाइली खराब व्हायला लागतात. कार्ड आलं की पहिल्याच दिवशी पूर्ण भरून वाचून तपासायचं, लिनक्सवर एफ३ आणि विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू हे फुकटचे प्रोग्रॅम हेच काम करतात. वेळ लागतो, रात्री लावून झोपायचं.

दुसरी सवय, प्लग ओढून बंद करायचं नाही. मेन्यूतून शटडाउन, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की मग प्लग. कार्डवर काहीतरी लिहिणं चालू असताना करंट गेला तर फाइलसिस्टिम बिघडते आणि पुढच्या वेळी बोर्ड चालूच होत नाही. पाय ५ ला पॉवरचं बटण दिलंय, आधीच्यांना नाही. बोर्ड दिवसरात्र चालू ठेवून सतत डेटा लिहिणार असाल, तापमानाची नोंद म्हणा नाहीतर कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, तर हाय एन्ड्युरन्सवालं कार्ड घ्या नाहीतर यूएसबीला एसएसडी लावा, पाय ४ आणि ५ त्यावरून थेट बूट होतात. पाय ५ ला पीसीआय एक्सप्रेसचा कनेक्टर आहे, त्यावर अडॅप्टर लावून एनव्हीएमईची एसएसडी पण बसते.

आणि सगळं नीट सेट झालं की त्या दिवशीच कार्डची इमेज, म्हणजे जशीच्या तशी पूर्ण कॉपी, काढून कॉम्प्युटरवर ठेवा. दोन कार्डं ठेवलीत तर अजून बरं, एक कामाचं आणि एक वाट्टेल ते करून बघायचं. नवीन माणसाला हे सगळ्यात मोठं स्वातंत्र्य आहे. काहीही बिघडवा, कार्ड पुन्हा लिहा, पंधरा मिनिटांत कोरी पाटी. असं बिघडवताना बोर्डला काहीही होत नाही, हे मनात पक्कं बसलं की भीती जाते.

स्क्रीन लागेलच असं नाही

पाय ३ पर्यंत नेहमीचा एचडीएमआय होता, पाय ४ आणि ५ ला दोन मायक्रो एचडीएमआय आहेत, आणि झीरोला, म्हणजे पायच्याच छोट्या प्रकाराला, मिनी एचडीएमआय. तिन्ही वेगळे, केबल मागवायच्या आधी बोर्डकडे बघा. दोन पोर्ट असतील तर पॉवरच्या पोर्टला लागून असलेला वापरा, दुसऱ्यात लावल्यामुळे पडदा काळा दिसला आणि बोर्ड गेला असं वाटलं, हे बऱ्याच जणांचं झालंय.

पण खरं सांगू का, नुसता शिकायला वेगळा मॉनिटर घेऊ नका. रास्पबेरी पाय इमेजर नावाचा प्रोग्रॅम आहे, कार्ड लिहितानाच तो युजरनेम, पासवर्ड, वायफायचं नाव सगळं विचारून घेतो, त्यातच एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बोर्डला कमांड द्यायची सोय) चालू करायचा पर्याय असतो. तो चालू करा, कार्ड बोर्डमधे घाला, दोन-तीन मिनिटं थांबा आणि लॅपटॉपवरून एसएसएचने आत शिरा. डेस्कटॉपच बघायचा असेल तर व्हीएनसी. इथे एकच अडचण वारंवार येते, झीरो डब्ल्यू, झीरो २ डब्ल्यू आणि पाय ३ बी यांना फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय कळतं, तुम्ही ५ गिगाहर्ट्झवाल्या नेटवर्कचं नाव टाकलंत तर ते कधीच जोडलं जाणार नाही आणि एररही कुठे दिसणार नाही कारण स्क्रीनच नाहीये.

पाय ४ ला निळ्या यूएसबी पोर्टवर, म्हणजे यूएसबी ३ वर, डिस्क लावली आणि वायरलेस माउस अडखळायला लागला तर माउस खराब नाही, यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास येतो. माउसचा डोंगल छोट्या एक्स्टेन्शन केबलने लांब नेला की बरं होतं.

पंखा, केस

पाय ४ आणि ५ गरम होतात. ८० डिग्रीच्या पुढे प्रोसेसर स्वतःच वेग कमी करायला लागतो, ८५ ला अजून. जळत नाही, फक्त मंदावतो. बंद प्लॅस्टिकच्या केसमधे पाय ४ ठेवून काही जड काम दिलं तर थोड्या वेळात तिथपर्यंत पोचतो, त्यामुळे एकतर उघडा ठेवा नाहीतर हीटसिंक लावा. पाय ५ ला पंख्यासाठी वेगळा कनेक्टर आहे, तापमान बघून पंखा आपोआप कमीजास्त होतो, तो ॲक्टिव्ह कूलर घेण्यासारखा आहे. झीरो आणि पाय ३ ला साध्या कामासाठी काही लागत नाही. पूर्ण मेटलची केस दिसायला सुंदर पण वायफायचा सिग्नल कमी होऊ शकतो, बोर्ड राउटरपासून लांब असणार असेल तर विचार करून घ्या.

आता ते चाळीस पिन

हा सगळ्यात मजेचा भाग आणि बोर्ड खरोखर मरू शकतो तो इथेच. २०१४ च्या बी प्लसपासून पायला ४० पिनचा हेडर, म्हणजे कडेची पिनांची ओळ, आहे आणि त्याची मांडणी अजून तीच आहे, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीची वायरिंगची आकृती आजही चालते. कोड मात्र चालेलच असं नाही, त्याबद्दल पुढे.

लक्षात ठेवायचं ते एवढंच, पिनला ३.३ व्होल्ट कळतात. ५ नाही. हेडरवर ५ व्होल्टचे दोन पिन आहेत, २ आणि ४ नंबरचे, आणि १ नंबरचा ३.३ चा पिन त्यांच्या अगदी शेजारी. ५ व्होल्टवाला पिन चुकून बाजूच्या ३.३ ला टेकला तर बोर्ड गेला समजा. म्हणून वायर लावताना बोर्ड बंद ठेवायचा, लावून झालं की एकदा बोटाने धरून प्रत्येक वायर मोजायची, मग चालू. मी अजूनही हेच करतो.

आर्डुइनो नावाच्या दुसऱ्या प्रसिद्ध बोर्डचे धडे बघून पायवर प्रयोग करणाऱ्यांचं इथेच चुकतं, कारण जुन्या आर्डुइनोला ५ व्होल्ट चालतात. अंतर मोजायचा तो एचसी-एसआर०४ सेन्सर, दोन डोळ्यांसारखा दिसणारा, त्याला ५ व्होल्ट द्यावे लागतात आणि तो उत्तरही ५ व्होल्टमधेच देतो. ते उत्तर सरळ पिनमधे घातलं तर पिन जातो, माझा असाच एक गेला, बोर्ड वाचला पण तो पिन आजतागायत काही वाचत नाही. उपाय सोपा आहे, सेन्सरच्या एको पिनमधून १ किलोओहमचा रेझिस्टर, तिथून ग्राउंडला २ किलोओहम, आणि मधल्या जोडातून पायच्या पिनकडे वायर. ५ चे दोन तृतीयांश म्हणजे ३.३३ व्होल्ट पोचतात, काम होतं.

वस्तू काय घ्यायच्या तर एक ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायरी खोचायची भोकांची पट्टी), जंपर वायर, मूठभर रेझिस्टर, त्यात ३३० ओहम, १ किलो, ४.७ किलो आणि १० किलो हवेतच, पाच-दहा एलईडी, दोन-चार पुश बटणं आणि एक साधा मल्टिमीटर. जंपर वायर घेताना एका टोकाला पिन आणि एका टोकाला भोक अशा घ्या, बोर्डवर पिन असतात आणि ब्रेडबोर्डला भोकं, दोन्हीकडे पिन असलेल्या वायरी आणल्या तर पहिल्याच संध्याकाळी काम थांबतं. मोठ्या ब्रेडबोर्डच्या कडेची लाल-निळी पट्टी कधीकधी मधोमध तुटक असते, एका अर्ध्यात करंट येतो आणि दुसऱ्यात नाही, रेघ मधे खंडित दिसली तर जंपरने जोडून घ्या. झीरो घेत असाल तर हेडर सोल्डर केलेला घ्या नाहीतर आधी सोल्डरिंग शिकावं लागेल.

मल्टिमीटर लोक टाळतात, महागडी वस्तू वाटते, आणि मला वाटतं तो सेन्सरच्या आधी हवा. वायर आतून तुटलीय का, ३.३ व्होल्ट खरंच पोचतायत का, हे विचारायला दुसरं साधन नाही. बीप वाजवणारा कंटिन्युइटीचा मोड असलेला कुठलाही साधा चालतो.

रेझिस्टर कशाला हेही एकदा समजून घ्या. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, उरले १.३, भागिले ३३० म्हणजे सुमारे ४ मिलिअँपिअर. एका पिनकडून १६ मिलिअँपिअरच्या वर मागायचं नाही, त्यामुळे ४ एकदम निवांत. एलईडी लागते, छान दिसते. पण मोटर किंवा रिलेचं कॉइल सरळ पिनला कधीच जोडायचं नाही, मधे ट्रान्झिस्टर किंवा ड्रायव्हर बोर्ड हवाच.

पिनच्या नंबरांचा घोळ सगळ्यांना होतो. एक नंबर हेडरवरच्या जागेचा, १ ते ४०, आणि दुसरा चिपच्या हिशोबाने, म्हणजे जीपीआयओ (कोडमधून वाचता-चालवता येणारे पिन) १७ हा हेडरवर ११ व्या जागी असतो. कोडमधे १७ आणि वायर १७ व्या जागी, आणि मग एलईडी कोडचं ऐकतच नाही म्हणून तास जातो (१७ व्या जागी ३.३ व्होल्ट असतात, तिथे ती कायमच लागलेली राहते). टर्मिनलमधे पिनआउट एवढंच टाइप केलं की तुमच्याच बोर्डचा नकाशा समोर येतो. वेबवर पिनआउट डॉट एक्सवायझेड नावाची साइट आहे, एकेका पिनवर क्लिक करून काय काय करता येतं ते दिसतं, मी ती टॅब कायम उघडी ठेवतो.

पहिला सेन्सर कुठला घ्यावा? मी डीएस१८बी२० सांगेन, तापमानाचा. तीन तारा, डेटा आणि ३.३ व्होल्टच्या मधे ४.७ किलोओहम, डेटाची तार जीपीआयओ ४ ला, सेटिंगमधे वन-वायर चालू करायचं, बस्स. सेन्सर एका फाइलसारखा दिसायला लागतो आणि ती फाइल वाचली की तापमान. दुसरा आयटूसीवाला, म्हणजे डेटासाठी दोन तारा वापरणारा, कुठलाही, बीएमई२८० घ्या, तापमान, आर्द्रता, हवेचा दाब तिन्ही देतो. एक गोष्ट मात्र आधीच माहीत असू दे, पायला ॲनालॉग इनपुट, म्हणजे कमीजास्त होणारा व्होल्टेज मोजणारे पिन, नाहीत. मातीतला ओलावा मोजायचा सेन्सर, पोटेन्शिओमीटर, हे असले मधे एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करून देणारी, चिप असल्याशिवाय वाचता येत नाहीत, एमसीपी३००८ किंवा एडीएस१११५ लावावी लागते. किटमधले अर्धे सेन्सर डब्यातच पडून राहतात त्याचं हे एक कारण.

वरून बसवायचे बोर्ड असतात त्यांना हॅट म्हणतात, वायरी नकोत, थेट ४० पिनवर दाबून बसतात. सेन्स हॅट त्यातला प्रसिद्ध, तो २०१५ मधे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेला आणि शाळेतल्या मुलांनी लिहिलेले प्रोग्रॅम तिथे चालले. हॅट छान, पण सुरुवात ब्रेडबोर्डवर करा, करंट कुठून कुठे जातो ते डोळ्यांना दिसतं.

कॅमेऱ्याबद्दल थोडं. पट्टीसारखी केबल असते, नाजूक. नेहमीच्या कॅमेऱ्यांची १५ पिनची असते, झीरो आणि पाय ५ ला मात्र २२ पिनची बारीक लागते, वेगळी घ्यावी लागते आणि कॅमेरा आल्यावर हे कळलं की फार चिडचिड होते. लावताना बोर्ड बंद, कनेक्टरची पट्टी हळूच उचलायची, चकचकीत टोकं कनेक्टरमधल्या पिनांकडे येतील अशी बसवायची, पट्टी दाबायची. कॅमेरा दिसत नाही अशी तक्रार असते तेव्हा मी आधी केबल काढून पुन्हा बसवायला सांगतो.

घड्याळाचं पण सांगायला हवं. पाय ५ च्या आधीच्या बोर्डांना स्वतःचं घड्याळ नाही, वेळ ते इंटरनेटवरून घेतात. नेट नसलेल्या ठिकाणी तारखेसकट नोंदी ठेवायच्या असतील तर डीएस३२३१ चं मॉड्यूल लावा. पाय ५ मधे घड्याळ आहे पण बॅटरी वेगळी घ्यावी लागते.

शिकायचं कुठून

इथेच सगळ्यात जास्त माणसं गळतात. साहित्य कमी आहे म्हणून नाही, खूप आहे म्हणून, आणि त्यातलं बरंचसं शिळं आहे. सर्चमधे वर येतात ते जुने व्हिडिओ, लाखो लोकांनी बघितलेले, समजावून सांगितलेलंही उत्तम असतं, आणि तुम्ही अगदी तसंच केलं तरी एरर येते. त्या माणसाने चुकीचं सांगितलेलं नसतं आणि तुम्हीही चुकलेले नसता, मधे सिस्टिम बदललेली असते. म्हणून कुठलंही ट्युटोरियल उघडलं की पहिली गोष्ट त्याची तारीख बघा. तारीख नसेल तर खुणा ओळखा.

युजरनेम पाय आणि पासवर्ड रास्पबेरी टाका असं सांगत असेल तर ते एप्रिल २०२२ च्या आधीचं, तो तयार युजर तेव्हा काढून टाकला, आता तो इमेजरमधे आपण बनवायचा. रास्पबियन म्हणत असेल तर २०२० च्या आधीचं असण्याची शक्यता जास्त, त्या वर्षी नाव रास्पबेरी पाय ओएस झालं. कॅमेऱ्यासाठी रास्पीस्टिल नावाची कमांड देत असेल तर तेही गेलं, आता कमांड आरपीआयकॅम-स्टिल, आणि पायथॉनमधे पायकॅमेरा२ वापरायचं, त्या नावातला दोन महत्त्वाचा. प्रिंट लिहून कंस दिलेले नसतील तर ते पायथॉन २ आहे, त्याचा सपोर्ट २०२० च्या सुरुवातीलाच संपला.

ऑक्टोबर २०२३ मधे बुकवर्म नावाचं व्हर्जन आलं आणि त्याने एकदम बऱ्याच गोष्टी हलवल्या. पिपने, म्हणजे पायथॉनची पॅकेज उतरवायच्या कमांडने, पॅकेज टाकायला गेलं की लांबलचक एरर येते, एन्व्हायर्नमेंट बाहेरून मॅनेज होतंय अशा अर्थाची. घाबरू नका आणि जबरदस्तीने टाकायचा जो फ्लॅग सगळे सुचवतात तो वापरू नका, त्याने सिस्टिमचं पायथॉन बिघडू शकतं. आपल्या प्रोजेक्टसाठी एक व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरता वेगळा पायथॉनचा कोपरा, बनवा, एका ओळीची कमांड आहे, आणि त्यात पॅकेज टाका. किंवा तेच पॅकेज एपीटीमधे, म्हणजे सिस्टिमच्या स्वतःच्या पॅकेजांच्या यादीत, आहे का ते बघा, बऱ्याचदा असतं. कॉन्फिगची फाइल बूट फोल्डरमधून त्याच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरमधे गेली. वायफायची माहिती एका टेक्स्ट फाइलमधे लिहून कार्डवर टाकायची जुनी युक्तीही तेव्हापासून चालत नाही.

आणि पाय ५ वाल्यांसाठी खास, पिन हलवायची जुनी आरपीआय जीपीआयओ लायब्ररी त्यावर चालत नाही, कारण पाय ५ मधे पिन सांभाळायला आरपी१ नावाची वेगळीच चिप आहे. जुन्या ट्युटोरियलच्या पहिल्या ओळीत तीच लायब्ररी असते. जीपीआयओ झीरो वापरा, सगळ्या बोर्डांवर चालते आणि नवीन माणसाला वाचायलाही सोपी, एलईडी १७ ला आहे, ऑन कर, एवढं सरळ लिहायचं.

मग भरवशाचं काय? अधिकृत डॉक्युमेंटेशन, सुरुवातीला कोरडं वाटतं पण नवीन व्हर्जन आलं की बदलतं. रास्पबेरी पाय फाउंडेशनच्या साइटवर मुलांसाठी म्हणून केलेले प्रोजेक्ट आहेत, पायरीपायरीने, स्क्रॅच आणि पायथॉन दोन्हीतले, सगळे फुकट, आणि मोठ्यांनी ते करण्यात काहीही कमीपणा नाही, मी स्वतः दिवे लावायला तिथेच शिकलो. कोड लिहायला थॉनी, त्यात एकेक ओळ चालवून व्हेरिएबल कसं बदलतंय ते बघता येतं. लिनक्सच्या दहा-बारा कमांड मात्र आधी वेगळ्या शिकून घ्या, फोल्डर बदलणं, फाइल कॉपी करणं, नॅनोमधे फाइल एडिट करणं, परमिशन म्हणजे काय, यात एक रविवार घालवला तर पुढचे कितीतरी रविवार वाचतात. बोर्ड अजून घेतलाच नसेल तर वोकवी नावाचा सिम्युलेटर ब्राउजरमधेच चालतो, पिको आणि आर्डुइनोची वायरिंग त्यात करून बघता येते.

पिकोचं नाव निघालंच आहे तर, २०२१ मधे आलेला पिको पूर्ण कॉम्प्युटर नाही, मायक्रोकंट्रोलर आहे. लिनक्स नाही, २६४ केबी रॅम, एकच प्रोग्रॅम चालतो, पण प्लग ओढून बंद केला तरी काही बिघडत नाही, तीन ॲनालॉग इनपुट मिळतात आणि बॅटरीवरही बराच वेळ चालतो. झाडाला पाणी घालायचं, दिवे लावायचे, एवढंच करायचं असेल तर पिकोच बरा. वेब सर्व्हर, कॅमेरा, फाइली ठेवणं असेल तर पाय.

प्रोजेक्ट एकच धरा. माझा आवडता रस्ता असा, आधी एलईडी, मग बटणाने एलईडी, मग तापमान वाचणं, ते दर पाच मिनिटांनी फाइलमधे लिहिणं, मग फ्लास्क (पायथॉनमधून वेब पेज बनवायची लायब्ररी) वापरून मोबाइलच्या ब्राउजरमधे दाखवणं, आणि शेवटी बोर्ड चालू झाला की प्रोग्रॅम आपोआप चालू होईल असं सिस्टिमडीमधे (लिनक्समधे प्रोग्रॅम आपोआप चालू करणारी व्यवस्था) लिहिणं. एवढ्यात इलेक्ट्रॉनिक्स, पायथॉन, नेटवर्क, लिनक्स सगळ्याला हात लागतो आणि प्रत्येक पायरीला काहीतरी दिसतं. वायरी नकोच असतील तर पाय-होल बसवा, घरातल्या सगळ्या उपकरणांवरच्या बऱ्याचशा जाहिराती डीएनएसच्या पातळीवर अडतात, फक्त बोर्डचा आयपी राउटरमधे पक्का करून ठेवा नाहीतर एक दिवस सगळ्या घराचं नेट बंद.

दुसऱ्या कंपनीचे बोर्ड, ऑरेंज पाय, बनाना पाय, रॉक, ओड्रॉइड, बीगलबोन, कागदावर बऱ्याचदा पायपेक्षा जोरदार दिसतात आणि काही खरंच आहेत. पण घेण्याआधी त्या नेमक्या मॉडेलसाठी आर्मबियन (अशा बोर्डांसाठी बनवलेलं लिनक्स) मिळतं का आणि त्याची शेवटची अपडेट कधीची आहे ते बघा. कंपनीने एकदाच इमेज दिली आणि पुढे कर्नल अपडेटच नाही, असे बोर्ड असतात, आणि वेगवान प्रोसेसर तिथे काही कामाचा नाही. ४० पिनचा हेडर सारखा दिसला तरी पिनचे नंबर आणि लायब्ररी वेगळ्या असू शकतात, हॅट बसला म्हणजे चालेलच असं नाही.

अडलात की विचारा, लोक मदत करतात, पण नुसतं चालत नाही असं लिहू नका. बोर्डचं पूर्ण मॉडेल, ओएसचं व्हर्जन, सप्लाय कुठला, यूएसबीला काय काय लावलंय, कुठलं ट्युटोरियल बघत होता त्याची लिंक, आणि एरर पूर्ण कॉपी करून, स्क्रीनचा तिरका फोटो नको. वायरिंग असेल तर मात्र फोटो हवाच, वरून, उजेडात, प्रत्येक वायर कुठल्या भोकात आहे ते दिसेल असा.